विमानं भरलेली, कंपन्या रिकाम्या : बुडालेल्या एअरलाइन्सचा धागा

पार्ले_ईस्ट (धागाकर्ता)

२०१६च्या मार्चमध्ये बँकांनी आमच्या पार्ल्यातलं किंगफिशर हाउस, म्हणजे बुडालेल्या किंगफिशर एअरलाइन्सचं मुख्यालय, लिलावात काढलं. राखीव किंमत १५० कोटी. एकही बोली आली नाही. पुढच्याच महिन्यात ब्रँड काढला. नाव, तो पक्षी, घोषवाक्यं, सगळं मिळून ३६६ कोटी ७० लाख. तिथेही शुकशुकाट. हाच ब्रँड तारण धरताना त्याची किंमत चार हजार कोटींच्या वर लावली होती! इमारत मग उतरत उतरत २०२१ मध्ये ५२ कोटींना गेली.

गिरण्या बुडाल्या तरी लालबाग-परळची जमीन राहिली, तिच्यावर टॉवर उभे राहिले. विमान कंपनी बुडाल्यावर काय राहतं? विमानं बहुतेक भाड्याची, उड्डाणाच्या वेळा म्हणजे स्लॉट विमानतळाचे, परवाना सरकारचा, आणि तिकिटं तर आधीच विकून खाल्लेली.

प्रवासी नाहीत म्हणून बुडालेली मोठी भारतीय कंपनी मला तरी आठवत नाही. शेवटच्या दिवसांतही विमानं भरलेलीच असतात. तिकिटाचे पैसे महिना-दोन महिने आधी हातात येतात, तिथेच घोळ आहे. धंदा तोट्यात, पण गल्ल्यात रोकड दिसते. दिवाळीच्या तिकिटांवर गणपतीतलं इंधन भरायचं. विक्री वाढत असते तोवर काही जाणवत नाही. मग बातमी फुटते. लोक बुकिंग थांबवतात, तेल कंपन्या उधारी बंद करून 'कॅश अँड कॅरी'वर टाकतात, भाडेवाले विमान परत मागतात. तिथून पुढे फार वेळ लागत नाही.

नव्वदच्या दशकातली पहिली फळी भराभर सांगतो. ईस्ट-वेस्ट १९९२ मध्ये सुरू झाली, मुंबईचीच. तेव्हा कायद्याने नियमित विमानसेवा फक्त सरकारी महामंडळांची, त्यामुळे हे सगळे कागदोपत्री 'एअर टॅक्सी'. स्वतःचं वेळापत्रक छापायचीही परवानगी नव्हती. १९९४ मध्ये तो कायदा गेला. ईस्ट-वेस्टचे प्रमुख तकीउद्दीन वाहिद यांची नोव्हेंबर १९९५ मध्ये वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली आणि पुढच्या वर्षी कंपनी बंद पडली. दमानिया १९९३ची, विमानात मद्य देणारी म्हणून गाजलेली. ती दोन वर्षांत चेन्नईच्या एनईपीसीने घेतली आणि १९९७ मध्ये दोघीही संपल्या. मोदीलुफ्तचं लुफ्तान्साशी बिनसलं, १९९६ मध्ये बंद. तिचाच परवाना पुढे २००५ मध्ये स्पाइसजेट म्हणून उडाला.

किंगफिशरवर मात्र थांबायला हवं, कारण तिच्या पडण्याचं मूळ एका सरकारी नियमात आहे. '५/२०' : पाच वर्षं देशात उडा, वीस विमानं जमवा, मगच परदेशी जा. किंगफिशर मे २००५ मध्ये सुरू झालेली, म्हणजे २०१० पर्यंत थांबणं आलं. कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन ऑगस्ट २००३ची, तिची पाच वर्षं २००८ मध्येच भरत होती. मल्ल्यांनी २००७ मध्ये ५५० कोटींना डेक्कनचे २६ टक्के घेतले आणि विलीनीकरण उलटं केलं : किंगफिशर डेक्कनमध्ये घातली आणि मग डेक्कनचं नाव बदललं! दोन-तीन वर्षांची घाई करायची म्हणून स्वस्त तिकिटांची, तोट्यातली, वेगळ्याच जातकुळीची कंपनी गळ्यात बांधून घेतली. सप्टेंबर २००८ मध्ये बंगळूर-लंडन सुरू झालं. त्याच जुलैमध्ये कच्चं तेल १४७ डॉलरला टेकलं होतं आणि त्याच सप्टेंबरात लेहमन कोसळली. कंपनीला एकाही वर्षी नफा झाला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये उड्डाणं थांबली.

जेट आणि गो फर्स्टबद्दल जाणकारांनी लिहावं. एअर इंडियाचा धागा वेगळा आहे, इथे नको.

---

खडूस_काका

नव्वदपासून सुरुवात का करता? हा खेळ त्याआधी एकदा होऊन गेलाय. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकनांची डकोटा विमानं मातीमोल भावात मिळत होती. ज्याच्याकडे चार पैसे त्याने विमान कंपनी काढली, आणि परवाना मंडळाने मागेल त्याला परवाना दिला. मार्ग मोजके, प्रवासी त्याहून मोजके. अंबिका, ज्युपिटर अशी नावं आज कुणाला ठाऊक पण नसतील. १९५० मध्ये न्या. राजाध्यक्षांची चौकशी समिती बसली. तिने स्वच्छ लिहिलं की धंद्याच्या मानाने कंपन्या फार झाल्यात, एकत्र या. मालकांनी आपणहून काही केलं नाही. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन, कलिंग वगैरे आठ कंपन्यांची इंडियन एअरलाइन्स झाली.

तेव्हाची 'डेक्कन एअरवेज' आणि गोपीनाथांची 'एअर डेक्कन' यांचा संबंध नाही, नाहीतर कुणीतरी विचारेलच.

अवांतर : १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री नागपूरला यायची आणि टपालाच्या थैल्या बदलून परत जायची. जेआरडींचा या योजनेला विरोध होता.

---

घाटकोपरचा_गण्या

काका, तुम्ही त्या डकोटात बसला होतात का? 😀

---

खडूस_काका

गण्या, मी एसटीत बसत होतो. तीही भरलेली असायची आणि तोट्यात असायची.

---

टॅक्सीवे_बी

गो फर्स्टबद्दल मी लिहितो, इंजिनं हा माझा विषय आहे.

वाडियांची कंपनी, वरळीची. २०२३च्या मेमध्ये स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून विमानं बंद. त्यांनी दोष दिला प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांना, आणि तो खोटा नव्हता. एअरबसच्या ए३२० निओ विमानांची ही इंजिनं ठरलेल्या तासांच्या कितीतरी आधी पंखावरून उतरवावी लागत होती, आणि बदली इंजिन मिळत नव्हतं. ताफ्यातली जवळपास निम्मी विमानं जमिनीवर. उभ्या विमानाचं भाडं मात्र सुटत नाही, आणि ते डॉलरमध्ये. मार्च २०२३ मध्ये सिंगापूरच्या लवादाने प्रॅटला एप्रिलअखेर १० इंजिनं आणि मग डिसेंबरपर्यंत दर महिन्याला १० द्यायला सांगितलं. ती आली नाहीत, असं कंपनीचं म्हणणं.

पण हीच इंजिनं इंडिगोकडेही होती आणि त्यांचीही ७० च्या वर विमानं उभी राहिली. ते मेले नाहीत. एक तर ताफा इतका मोठा की फटका पसरला. दुसरं, २०१९ मध्येच त्यांनी पुढच्या विमानांसाठी सीएफएम या दुसऱ्या कंपनीचं इंजिन निवडून ठेवलं होतं. आणि तिसरं, बँकेत रोकड. गो फर्स्टने २०२१ मध्ये ३६०० कोटींचा आयपीओ आणायचं ठरवलं होतं, तो आलाच नाही. इंजिनाने कंपनी आजारी पडली हे कबूल. पण जवळ शिल्लक नसल्यामुळे मेली.

---

हिशेबनीस

धागाकर्त्यांचं सगळं पटलं, फक्त मालकांवर जरा जास्तच राग दिसतो. सरकारचं पान उघडाच.

एअरलाइनच्या खर्चात इंधन ४० टक्क्यांच्या आसपास. ते आजही जीएसटीत नाही. राज्यांचा व्हॅट वेगळा, त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. मुंबईत हा व्हॅट २५ टक्के होता, डिसेंबर २०२१ मध्ये १८ वर आला. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एकावर टाकी भरायची तर दर शंभरामागे पंचवीस राज्याचे! विमानाचं भाडं, इंजिनाची देखभाल, सुटे भाग, सगळं डॉलरमध्ये. कमाई रुपयात. तोट्याच्या मार्गांवर ठरावीक प्रमाणात उडायचंच, हा १९९४चा नियम. आणि १९९७ मध्ये सरकारने परदेशी विमान कंपन्यांना भागभांडवल घ्यायला बंदी केली. जेटमध्ये गल्फ एअर आणि कुवेत एअरवेजचे प्रत्येकी २० टक्के होते, ते काढावे लागले. ही दारं २०१२ मध्ये पुन्हा उघडली, ४९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे किंगफिशर शेवटचे आचके देत असताना.

---

टॅक्सीवे_बी

हिशेबनीस, व्हॅट सगळ्यांना सारखाच होता की. त्याच व्हॅटमध्ये, त्याच डॉलरमध्ये इंडिगो ऑगस्ट २००६ पासून उडतेय आणि आज देशातल्या बाजाराचा साठ टक्क्यांवर हिस्सा तिचा आहे. फरक कुठे? तिने २००५ मध्ये, एकही विमान उडायच्या आधी, एकाच जातीची १०० विमानं एकगठ्ठा मागवली. किंगफिशरकडे ए३२०, एटीआर, ए३३० आणि वर पाच ए३८० ची ऑर्डर! प्रत्येक जातीला वेगळे पायलट, वेगळे सुटे भाग, वेगळं प्रशिक्षण.

---

हिशेबनीस

सारखाच होता म्हणूनच सांगतोय. सगळ्यांचा नफाच इतका पातळ की एक चूक केली की संपलं. दुसऱ्या धंद्यात माणूस दोन-चार चुका करून जगतो. तुम्ही इंडिगोचं एक उदाहरण देताय, मी पॅरामाउंट, एमडीएलआर, एअर कोस्टा, एअर पेगॅसस अशी रांग लावतो. या सगळ्यांचे मालक काही मल्ल्या नव्हते.

---

निवृत्त_बँकर

बँकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

२०१० मध्ये किंगफिशरच्या कर्जाची पुनर्रचना झाली आणि पुढच्या वर्षी कर्जाचा एक भाग शेअरमध्ये बदलून बँकांनी घेतला. भाव लावला ६४ रुपये ४८ पैसे. त्या वेळी बाजारात शेअर चाळिसाच्या घरात होता. चाळिसाची वस्तू चौसष्टला! सूत्र नियमानुसार असेलही, पण मंडईत कोथिंबीर घेणारा माणूससुद्धा असा व्यवहार करणार नाही. तारण म्हणून ब्रँड, मल्ल्यांची वैयक्तिक हमी आणि त्यांच्याच यूबी होल्डिंग्ज कंपनीची हमी. यातलं रोख काय होतं?

बँकरच्या बाजूनेही सांगतो. विमान कंपनीला कर्ज दिलं की पहिल्या दिवसापासून तुमच्या हातात विकण्यासारखं काही नसतं. कंपनी उडत राहिली तरच पैसे परत येणार. म्हणून आणखी थोडे द्यावे लागतात. मग आणखी थोडे. किंगफिशरमध्ये हात पोळले, म्हणूनच २०१९ मध्ये जेटच्या वेळी तेच बँकवाले अडून बसले.

---

पार्ले_ईस्ट

बँकरसाहेब, उत्तम प्रतिसाद. जेटवर कुणी येत नाहीये, मीच लिहितो.

५ मे १९९३ ला सुरू, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसर-मुंबई हे शेवटचं विमान. मधली पंचवीस वर्षं आपल्याकडे 'विमानाने गेलो' म्हणजे बहुतेक वेळा जेटनेच. २००५ मध्ये आयपीओ ११०० रुपयांनी आला. त्या पैशाची मस्ती पुढच्याच वर्षी दिसली. एअर सहारा ५० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, मग मोडलं, भांडण लवादात गेलं, आणि एप्रिल २००७ मध्ये शेवटी १४५० कोटींना घेतलीच. तिचं जेटलाइट केलं. पुढे जेटकनेक्ट. जेट, जेटलाइट, जेटकनेक्ट, कुठल्यात जेवण फुकट आणि कुठल्यात सँडविचचे पैसे, हे चेक-इन काउंटरलाही सांगता यायचं नाही. मल्ल्या डेक्कन घेतायत, जेटचे मालक नरेश गोयल सहारा घेतायत, तेही त्याच वर्षी. दोघांनी एकमेकांकडे बघून केलं हे माझं ठाम मत. इंडिगो तेव्हा गपचूप विमानं जमवत होती.

ऑक्टोबर २००८ आठवतो? जेटने एका फटक्यात सुमारे १९०० जणांना घरी बसवलं. गणवेशातली मुलं-मुली राज ठाकऱ्यांकडे गेली, राज यांनी जेटचं विमान उडू देणार नाही म्हणून दम भरला, आणि गोयलांनी सगळ्यांना परत घेतलं. त्या दिवशी आम्ही पार्लेकर खूश होतो. कंपनीचा खर्च मात्र होता तिथेच राहिला, आणि अकरा वर्षांनी त्याच्या दहापट लोक रस्त्यावर आले. २०१३ मध्ये एतिहादने २४ टक्के घेऊन श्वास दिला. तोही किती पुरणार?

मार्च २०१९ मध्ये गोयल पायउतार झाले, बँकांनी तातडीची रक्कम दिली नाही, आणि बंद.

---

साकीनाका_सायली

मी ग्राउंड स्टाफमध्ये होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून क्लेम चालू आहे.

पार्लेदादा, बाहेरून 'अचानक बंद पडली' वाटतं. आत वर्षभर आधी कळतं. पगार महिनाअखेरचा दहा तारखेला, मग वीसला, मग अर्धा. ते तर दिसतंच. त्याआधीच्या खुणा वेगळ्या असतात. एखादं विमान हँगरपाशी जाऊन उभं राहतं आणि परत येत नाही, त्याचे भाग एकेक करून दुसऱ्या विमानांना लागतात. क्रूला घ्यायला येणारा गाडीवाला फोन उचलत नाही. हॉटेलवाला क्रूकडे आगाऊ पैसे मागतो. वरून मेल येते की सगळं ठीक आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. अशी मेल आली की सीनियर लोक त्याच संध्याकाळी सीव्ही पाठवायला लागायचे.

आमच्यातले पायलट आणि इंजिनियर आधी गेले, त्यांना नोकऱ्या होत्या. लोडर, काउंटर, केबिन क्लीनिंगवाले शेवटपर्यंत राहिले. चेंबूरचे, कळव्याचे, नालासोपाऱ्याचे. 'आपली कंपनी' म्हणून जादा पाळ्या केल्या. मोर्च्यात पण तेच पुढे.

---

घाटकोपरचा_गण्या

सायलीताई, वाचून गप्प झालो. तुमचे पैसे मिळण्याचं काही चिन्ह?

---

हिशेबनीस

तिथे कायदा काय म्हणतो ते सांगतो, तपशिलाला वकील गाठावा. लिक्विडेशनमध्ये, म्हणजे कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकताना, आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका, एका पंक्तीत. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिने. पीएफ, ग्रॅच्युइटीचा निधी वेगळा काढलेला असेल तर तो या वाटणीत धरत नाहीत. अडचण अशी की वाटायला काही असलं तर.

जेटचंच बघा. २०२१ मध्ये जालान-कालरॉक यांची जेट घेऊन पुन्हा उडवायची योजना मंजूर झाली. पहिला हप्ता ३५० कोटींचा, तोच पूर्ण आला नाही. कज्जे चालले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेचं कलम १४२ वापरून लिक्विडेशनचा आदेश दिला. उड्डाणं थांबल्यापासून साडेपाच वर्षं! एवढ्या काळात विमान उभं राहिलं की त्याचं भंगार होतं, आणि पायलटचं लायसन्सही ताजं राहत नाही.

---

रनवे_२७

स्लॉटचा मुद्दा धागाकर्त्यांनी एका ओळीत उरकला, तो खरं तर कळीचा आहे. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. म्हणून इथला सकाळचा स्लॉट म्हणजे सोनं. जेट बंद पडल्यावर काही दिवसांत तिचे मुंबई-दिल्लीचे स्लॉट दुसऱ्या कंपन्यांना तात्पुरते वाटले. प्रवाशांच्या दृष्टीने बरोबरच, तिकिटं भडकली होती. पण जेट विकत घ्यायला येणारा माणूस नक्की काय घेणार होता? विमानं भाडेवाल्यांनी नेली, स्लॉट गेले, लोक पांगले. नाव तेवढं राहिलं, आणि नावाची काय किंमत येते ते किंगफिशरच्या ब्रँडवरून कळलंच.

---

टॅक्सीवे_बी

+१. आणि गो फर्स्टमध्ये नेमकं उलटं झालं. दिवाळखोरी कायद्याच्या स्थगितीमुळे भाडेवाल्यांना स्वतःची विमानं नेता येईनात. वर्षभर ५४ विमानं अडकली. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी रद्द करायला लावली तेव्हा सुटली. तोवर जगातल्या भाडेवाल्यांनी भारताला नकारात्मक शेऱ्यासकट निगराणीच्या यादीत टाकलं होतं. अशा शेऱ्याने दुसऱ्या कंपन्यांचंही भाडं महाग होतं. २०२५ मध्ये सरकारने त्यासाठी वेगळा कायदाच केला. म्हणजे आता विमानं पटकन जातील. भाडेवाले खूश, पण आजारी कंपनीला सावरायला वेळ आणखी कमी.

---

खडूस_काका

फक्त आपल्याकडेच असं होतं असं नाही हो. पॅन अॅम घ्या. १९८० मध्ये नॅशनल एअरलाइन्स महागात घेतली, अगदी डेक्कन-सहाराची अमेरिकन आवृत्ती. मग पैसा कमी पडला म्हणून १९८५ मध्ये पॅसिफिकचे मार्ग युनायटेडला विकले, नंतर हीथ्रोचेही. कमावते मार्ग विकून तोट्याचे ठेवले. मध्ये १९८६चं कराचीचं अपहरण, ते विमान आपल्या सहार विमानतळावरूनच निघालं होतं, आणि १९८८चं लॉकर्बी. डिसेंबर १९९१ मध्ये दुकान बंद. बॉम्बने नाही, कर्जाने.

---

कल्याण_स्लो

एवढं सगळं वाचून मुद्द्याचं विचारतो. भावाचं लग्न आहे, आठ जणांची तिकिटं एका डळमळीत कंपनीची काढलीत. बंद पडली तर पैसे?

---

हिशेबनीस

क्रेडिट कार्डाने काढली असतील तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कापलेले पैसे परत, मागा. त्याला मुदत असते, 'कंपनी परत सुरू होईल' म्हणून वाट बघत बसू नका. एजंटकडून काढली असतील तर आधी बघा, त्याने पैसे पुढे भरलेत की त्याच्या वॉलेटमध्येच आहेत. दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाल्यावर मात्र तुम्ही रांगेतले एक धनको. फॉर्म भरायचा, बँकांच्या आणि सायलीताईंच्याही मागे उभं राहायचं.

---

कल्याण_स्लो

डेबिट कार्ड आहे.

---

हिशेबनीस

डेबिटवरही चार्जबॅक मागता येतो, बँकेला लेखी द्यावं लागतं. आणि तिकीट बदलता येत असेल तर लग्न कुठे आहे ते सांगा, ट्रेनचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.